फिदिया की कजा?

मगरिबची अजान डायलिसिसच्या खोलीत ऐकू येत नाही. खिडक्या बंद असतात, एसी चालू असतो आणि यंत्रांची घरघर थांबत नाही. त्यामुळे इफ्तारची वेळ झाली हे माझ्या भावाला, भाईजानांना, तिथला टेक्निशियन मुलगा सांगतो. कपाळाला गंध लावणारा, मंगळवारचा उपास करणारा हा मुलगा घड्याळाकडे बघून म्हणतो, ‘‘चाचा, टाइम झाला.’’ मग मी पर्समधून एक छोटी बाटली काढते. तिच्यात मोजून पन्नास मिलिलिटर पाणी असतं. भाईजान ते तीन घोटांत पितात. खजूर नसतो. खजुरात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी बंद पडलेल्या माणसाच्या हृदयाला ते झेपत नाही. केळं, फळांची चाट, रूह अफजाचा मोठा ग्लास, म्हणजे आमच्या दस्तरखानावर जे जे मानाचं, ते सगळं त्यांना वर्ज्य.

खरं तर भाईजानांचा रोजा नसतोच. इतरांबरोबर त्या घडीला दोन घोट घ्यावेत, एवढीच त्यांची हौस. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजातून सूट आहे हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, पण या सुटीचे दोन भाग आहेत. आजार तात्पुरता असेल, बरं होण्याची आशा असेल, तर चुकलेले रोजे पुढे सवडीनं पूर्ण करायचे. त्याला कजा म्हणतात. बरं होण्याची आशाच उरली नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालायचं किंवा त्याची किंमत द्यायची. तो फिदिया.

भाईजान चार वर्षांपासून फिदिया देतात. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात तीस दिवसांचा हिशेब करून त्यांचं पाकीट तयार असतं. त्या पाकिटाकडे मी तीन वर्षं नुसती बघत होते. यंदा मला त्याचा अर्थ लागला. माझ्या भावानं स्वतःला ‘आशा नाही’च्या रकान्यात लिहून टाकलं होतं, आणि आम्ही घरच्यांनी त्याखाली मुकाट्यानं सही केली होती.

आज लिहायचं आहे ते या सहीबद्दल.

डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय अगदी सुरुवातीलाच काढला होता. ‘‘घरात कोणी किडनी देणारं आहे का, बघा,’’ असं ते व्हरांड्यात उभ्या उभ्या म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले. अम्मी लगेच म्हणाल्या, ‘‘माझी घ्या.’’ त्यांचं वय चौऱ्याहत्तर. भाबींना स्वतःलाच मधुमेह, त्यामुळे त्या बाद. पुतण्या तेव्हा वीस वर्षांचा, त्याचं नावही भाईजानांनी काढू दिलं नाही. आम्ही दोघंच भावंडं. उरले मी. मी म्हटलं, ‘‘भाईजान, मी टेस्ट करून घेऊ का?’’ ते हसले. ‘‘रहने दे, छोटी. बहन को देते हैं, बहन से लेते नहीं.’’

अब्बा गेल्यावर मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवून या माणसानं मला एम. ए. केलं. स्वतः दहावीवर थांबला. अशा भावानं ‘नको’ म्हटल्यावर मी आणखी काय बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट वेगळी आहे. मला हायसं वाटलं होतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुढची चार वर्षं कोणी विचारलं की मी सांगत आले, ‘‘आम्ही तयार होतो, त्यांनीच नको म्हटलं.’’ वाक्य खोटं नव्हतं, पण ते मला फार सोयीचं होतं.

डायलिसिस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात नाही त्यांना नीट कळत नाही. मलाही कळत नव्हतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. वर्षाला दीडशेहून अधिक फेऱ्या, सहाशेहून अधिक तास. हातावर शस्त्रक्रियेनं शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर जाणवते. दर खेपेला त्यात दोन जाड सुया जातात. चार तासांत यंत्रातून सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी फिरतं, आणि ज्याच्यासाठी ते फिरतं त्या माणसाला दिवसभरात चहा, आमटी, औषधाचा घोट धरून जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा असते. आपला रोजा संध्याकाळी सुटतो. त्यांचा तहानेचा रोजा बारमाही आहे.

आणि एवढं करूनही यंत्र निरोगी किडन्यांच्या कामाचा लहानसाच वाटा उचलतं. डायलिसिसवर माणूस जगतो, अनेक जण वर्षानुवर्षं नेटानं जगतात. पण ज्यांची प्रकृती शस्त्रक्रियेला योग्य आहे, त्यांच्यासाठी प्रत्यारोपण साधारणपणे अधिक आयुष्य आणि अधिक मोकळं आयुष्य देतं, हे वैद्यकशास्त्रात आता वादाचं राहिलेलं नाही. मग माणसं ‘नको’ का म्हणतात?

आमचं मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, जत-कवठेमहांकाळकडून, कोकणातून माणसं इथे येतात. डायलिसिसच्या खोलीत नावावरून, दाढीवरून, टिकलीवरून कोणाची खाट बदलत नाही. चार तास शेजारी पडलेली माणसं एकमेकांचं सगळं ऐकतात. भाईजानांच्या शेजारी एक निवृत्त एसटी कंडक्टर असतात. त्यांचा मुलगा किडनी द्यायला तयार आहे. काका म्हणतात, ‘‘माझं झालं की आता. पोराला कशाला पोटावर चिरा?’’ पलीकडे सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी असते. तिच्या आईचा रक्तगट जुळत नाही आणि धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. किडनी दिलेली मुलगी कोण करून घेणार, म्हणून बहिणीचा विषयच कोणी काढत नाही. दाराजवळच्या खाटेवरचे एक शेतकरी कुठल्याशा काढ्यावर विश्वास ठेवून आहेत. कारणं वेगवेगळी, पण बहुतेकांच्या ‘नको’च्या तळाशी एकच गोष्ट असते: माझ्या जिवासाठी दुसऱ्याच्या अंगाला धक्का नको. ही भावना थोर आहे. पण तिच्यावर विसंबून घरच्यांनी गप्प बसणं थोर नाही.

दुसरं कारण माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. ज्यांचं प्रत्यारोपण यशस्वी होतं ते डायलिसिसच्या खोलीत परत येत नाहीत. ते दुकानात बसतात, शेतावर जातात, वर्गात शिकवतात. परत येतो तो ज्याची नवी किडनी निकामी झाली तो. म्हणजे खाटेवरच्या माणसाला पाहायला मिळतात ती फक्त अपयशं. ‘‘त्या अमक्याचं बघितलं ना, आठ-दहा लाख घातले आणि दीड वर्षात पुन्हा इथेच,’’ ही कहाणी खोलीत वर्षानुवर्षं फिरते. पंधरा वर्षं ठणठणीत असलेल्याची कहाणी सांगायला तिथे कोणी नसतो. रुग्णाचं मत अज्ञानातून बनतं असं आपण म्हणतो. तसं नाही. ते समोर दिसणाऱ्या गोष्टींतून बनतं, फक्त समोर अर्धंच दिसतं.

तिसरं कारण पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसही बसतं आणि किडनी प्रत्यारोपणही. पण शस्त्रक्रियेनंतर शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या किडनी चालू असेपर्यंत घ्याव्या लागतात, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, जंतुसंसर्गाला जपावं लागतं. हा खर्च दरमहा काही हजारांत जातो. शिवाय देणारा आणि घेणारा, दोघांचीही काही आठवड्यांची कमाई बुडते. हातावर पोट असलेल्या घरासाठी ही खरी भिंत आहे. तिला ‘रुग्णाची मानसिकता’ म्हणणं अन्याय आहे.

चौथं कारण धर्माचं, आणि रमजानच्या पानावर ते टाळून चालणार नाही. ‘‘आपल्यात चालत नाही,’’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. शरीर ही अल्लाहची अमानत, ती आपण कोणाला कशी देणार, असा त्यामागचा विचार. तो हलका नाही. उपखंडातल्या काही मोठ्या उलेमांनी याच आधारावर अवयवदानाला विरोध केला आहे, आणि मृत्यूनंतरच्या दानाबद्दल आमच्याकडे मतभेद आजही आहेत. पण ‘चालत नाही’ एवढं म्हणून विषय संपत नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीनं १९८८ मध्ये जेद्दाह इथे अवयव प्रत्यारोपणाला अटींसह मान्यता दिली. भारतातल्या इस्लामिक फिकह अकादमीनं १९८९ मध्ये जिवंत माणसानं आपल्या आजारी नातेवाइकाला मोबदल्याशिवाय किडनी देणं काही अटींवर जायज ठरवलं. अटी साध्या आहेत: देणाऱ्याच्या जिवाला धोका नको, जबरदस्ती नको, विक्री नको. एक जीव वाचवण्याला कुराणानं किती मोल दिलंय, हे तर शाळकरी मुलालाही माहीत असतं. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावं. पण विचारावं. न विचारताच फतवा स्वतःच देऊन टाकू नये. मीही चार वर्षं विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं आणि वर मलाच विचारलं, ‘‘इतके दिवस का थांबलात?’’

आणि हे फक्त आमचंच नाही. कंडक्टरकाकांच्या पत्नींना वाटतं, या जन्मी किडनी दिली तर पुढच्या जन्मी तिच्याविना जन्माला यावं लागेल. ज्या परंपरेत दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी देऊन टाकल्या, तिच्यात ही भीती कुठून आली, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘ते ऋषी होते हो.’’ आम्ही दोघीही हसलो. भीतीला धर्माचा आधार शोधायला कोणालाच वेळ लागत नाही.

आता दुसरी बाजू, जी न सांगता फक्त ‘किडनी द्या’ म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ६४ टक्के महिला होत्या. अवयव मिळालेल्यांत महिला साधारण ३० टक्के. आई देते, बायको देते, बहीण देते. तिला ‘नको’ म्हणायला जागा असते का? भाईजानांना ‘नको’ म्हणता आलं. भाबींची साखर ठीक असती, तर त्यांना ते म्हणता आलं असतं का, याची मला खात्री नाही.

कायद्यानं याचा विचार केला आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा मानतो. त्याखालच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून पडताळावी. उलट बाजूनं, विवाहित स्त्रीला वडिलांना किडनी द्यायची असेल तर नवऱ्याचा ना-हरकत दाखला कायद्यानं लागत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. थोडक्यात, तिचं ‘हो’ही तिचं असलं पाहिजे आणि तिचं ‘नाही’ही.

माझं म्हणणं एवढंच आहे. रुग्णाचं पहिलं ‘नको’ आणि घरातल्या बाईचं पहिलं ‘हो’ ही दोन्ही उत्तरं घाईत शेवटची मानू नका. ती बहुतेकदा उत्तरं नसतात, रीत असते. पाहुण्यानं पहिल्यांदा ‘चहा नको’ म्हणावं तशी. पाहुण्याला आपण दुसऱ्यांदा विचारतो. जीव-मरणाच्या प्रश्नात मात्र एकदाच, तेही व्हरांड्यात, सगळ्यांसमोर विचारतो आणि मोकळे होतो.

दुसऱ्यांदा विचारायचं ते वेगळ्या पद्धतीनं. एकांतात. माहिती घेऊन. ज्याचं प्रत्यारोपण होऊन काही वर्षं झालीत अशा एखाद्या माणसाला खोलीत आणून, म्हणजे खाटेवरच्या माणसाला दुसरा अर्धाही दिसेल. ज्याला किडनी द्यायची आहे त्यालाही वेगळं बसवून, धोका शून्य नाही हे सांगून. निरोगी माणूस एका किडनीवर सहसा व्यवस्थित जगतो, पण शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच असते, आणि पुढे आयुष्यभर रक्तदाब आणि तपासण्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. रक्तगट जुळत नसेल तर दारं बंद होत नाहीत, हेही सांगावं. २०११ च्या दुरुस्तीनं दोन कुटुंबांना आपसात दात्यांची अदलाबदल करता येते. २०१६ मध्ये जयपूरला एका हिंदू आणि एका मुस्लिम कुटुंबातल्या बायकांनी एकमेकींच्या नवऱ्यांना किडनी देऊन दोघांनाही वाचवलं. घरात कोणीच नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रत्यारोपण केंद्रामार्फत विभागीय समन्वय समितीच्या यादीत नाव घालता येतं. आपल्या भागासाठी ती पुण्यात आहे. पासष्टीच्या पुढे नोंदणी होत नाही अशी अनेकांची समजूत असते, पण ती वयाची अट केंद्रानं २०२३ मध्ये काढून टाकली. यादी लांब आहे, पण नाव घातलंच नाही तर पाळी कधीच येणार नाही.

हे सगळं समजून घेऊनही रुग्ण ‘नको’ म्हणाला तर? तर ते ‘नको’ डोक्यावर घ्यावं. कंडक्टरकाकांचं हृदय अधू आहे, वय सत्तरीपुढचं. नातवंडांसोबतचा वेळ त्यांना शस्त्रक्रियेच्या जोखमीत घालायचा नाही. मुलानं त्यांना दोनदा विचारलं, डॉक्टरांशी बोलून विचारलं. त्यांचं ‘नको’ हा त्यांचा निर्णय आहे आणि तो शहाणपणाचा असू शकतो. भाईजानांचं ‘नको’ निर्णय नव्हता. कारण त्यांना नीट कोणी विचारलंच नव्हतं.

यंदा पहिल्या जुम्याला मी विचारलं. डायलिसिसला जाताना रिक्षात, आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, ‘‘मला तपासणी करायची आहे. सासरी बोलले आहे. मौलानांना विचारलंय. डॉक्टरांना भेटून आलेय.’’ ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुला भीती वाटत नाही?’’ मी म्हटलं, ‘‘वाटते.’’ चार वर्षांत आम्ही पहिल्यांदाच खरं बोललो. मग तेही बोलले. ऑपरेशन टेबलावर काही झालं तर दुकानाचं काय, मला काही झालं तर माझ्या मुलींना काय तोंड दाखवणार, आणि मी दिलेली किडनी टिकलीच नाही तर. ही भीती त्यांनी चार वर्षं एकट्यानं बाळगली होती. आम्ही तिला त्याग समजत होतो.

ईद झाली की आम्ही तपासणीसाठी पुण्याला जाणार आहोत. जुळेल की नाही माहीत नाही. माझ्याच तपासणीत काही निघू शकतं, किंवा ऐनवेळी माझाही धीर सुटू शकतो, आणि तसं झालं तर ते सांगायची मुभा मला आहे, हे भाईजानांनीच मला तीनदा बजावलं आहे.

रमजान हा हिशेबाचा महिना. जकात निघते, सदका निघतो. आपल्याकडे डायलिसिसच्या फेऱ्यांसाठी मदत करणारे पुष्कळ आहेत, त्यांना सलाम. त्यातला थोडा वाटा प्रत्यारोपण झालेल्या गरीब रुग्णाच्या गोळ्यांसाठी ठेवता येईल का? जकातीचे निकष जिथे बसतात तिथे जकात, आणि सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी सदका. दात्याच्या बुडालेल्या रोजंदारीची भरपाई कायद्याला मंजूर आहे, फक्त ती रीतसर रुग्णालयामार्फत व्हावी. गणेश मंडळं आणि मशिदींच्या कमिट्या रक्तदान शिबिरं उत्तम भरवतात. वर्षातून एकदा प्रत्यारोपण झालेल्या चार माणसांना बोलावून त्यांचं ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला, तर खर्च चहाएवढाच येईल.

आणि ज्यांच्या घरात कोणी डायलिसिसवर आहे त्यांनी या महिन्यात एक संध्याकाळ त्या माणसाजवळ बसावं. पाण्याचा हिशेब, गोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवावा आणि विचारावं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?

भाईजानांनी फिदियाचं पाकीट यंदाही दिलं. पण पुतण्याला बोलावून त्यांनी दुकानाच्या वहीत एक ओळ लिहायला सांगितली. चार वर्षांत मिळून किती रोजे चुकले, ती संख्या. ‘‘लिहून ठेव,’’ ते म्हणाले, ‘‘देवाघरचा हिशेब आहे. पुढे कधी ठेवावे लागले तर.’’